असईचा अर्धा डाव

माझ्याकडे ती यादी अजून आहे. शाळेच्या आखीव कागदाची चार पानं, आणि कार्बन घालून काढलेली दुसरी प्रत. पहिली नोंद: शिंद्यांचं पायदळ, एकशे बारा नग. दुसरी: इंग्रज पायदळ, लाल डगले, शहात्तर. तिसरी: घोडेस्वार, दोन्ही बाजूंचे मिळून त्रेचाळीस, पैकी एका घोड्याचा मागचा पाय मोडका. मग तोफा, बैल, झेंडे, रंगाच्या बाटल्या, कुंचले. सतरावी नोंद: उर्दू कागद, एक.

मी भोकरदनच्या एका शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. जडसंग्रह नोंदवही, म्हणजे बाकं, कपाटं, नकाशे, घंटा असल्या टिकाऊ सामानाची वही, पंचवीस वर्षं माझ्याकडे आहे. तपासणीला आलेल्या कुठल्याही साहेबाला तीत चूक सापडलेली नाही. साबळेकाकांच्या शिपायांची यादीही तशीच आहे. एक नग कमी नाही, एक जास्त नाही. आणि आयुष्यातलं एखादं काम परत घेता आलं असतं, तर मी हेच घेतलं असतं.

साबळेकाका आमचे शेजारी. सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात, अर्धा जिल्हा पायाखालून घातलेला. उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशात कायम टोक काढलेली पेन्सिल आणि अंतर पावलांत सांगायची सवय. दवाखाना कुठे म्हणून विचारलं तर "हितून चारशे दहा पावलं, उजव्या हाताला" असं उत्तर यायचं. "जवळच आहे" असं त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नाही.

"जवळ म्हंजे किती?" ते म्हणायचे. "अंदाजानं बोलायचं न्हाई, वंदनाताई. अंदाजानं बोलल्यावरच बांधावर कुऱ्हाडी निघतात."

काकू आम्ही तिथे राहायला जायच्या आधीच गेलेल्या. एक मुलगी, सुजाता, लग्न होऊन पुण्याला.

आमची ओळख भांडणातून झाली. आम्ही नवीन घराचं कुंपण घालत होतो आणि काकांच्या बाजूच्या दाराची पायरी आमच्या जागेत येते, असं माझ्या यजमानांचं म्हणणं होतं. ते आवाज चढवून बोलले. काकांनी सगळं ऐकून घेतलं, आत गेले आणि टेप घेऊन आले. टेपचं दुसरं टोक यजमानांच्याच हातात दिलं. तीनदा मोजलं. पेन्सिलीने कागदावर आकडे मांडले आणि म्हणाले, "चार बोटं. माझीच पायरी तुमच्यात आलीया." दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला आणि पायरी फुटली. पंधरा दिवस काका दोन विटांवर पाय देऊन घरात चढत होते.

यजमानांना लाज वाटली. म्हणाले, "राहू द्यायची होती काका. चार बोटांनी काय होतंय?"

"आज तुम्ही म्हणता काय होतंय. उद्या तुमचं पोरगं माझ्या पोरीला म्हणंल, काहून आलं हे आमच्यात? मंग तवा कुणाला बोलावता?"

त्यानंतर सोळा वर्षं आमच्या दोन घरांत वाकडा शब्द गेला नाही.

वरची खोली मी पहिल्यांदा पाहिली ती गरम धपाट्यांची ताटली द्यायला गेले तेव्हा. पत्र्याची खोली, उत्तरेकडे खिडकी, मधोमध मोठं टेबल. काका खिडकीशी बसले होते. डाव्या हातात औषधाच्या बाटलीचं झाकण, झाकणावर डिंकाने चिकटवलेला बोटाच्या पेराएवढा शिपाई, उजव्या हातात चार केसांचा कुंचला. मी दारात उभी राहिले तरी त्यांनी मान वर केली नाही. श्वास आत घेतला, धरला, शिपायाच्या छातीवर एक पांढरी रेघ ओढली, श्वास सोडला. मग म्हणाले, "या."

"हे काय करताय, काका?"

"पट्टा. काडतुसाच्या पिशवीचा."

मला वाटलं, नातवंडांसाठी असेल. नातवंडं कधीमधी यायची, पण त्यांना त्या टेबलाजवळ जाऊ दिलं जात नव्हतं. हे सगळे शिपाई नेपोलियनच्या काळातले, असं त्यांनी मला सांगितलं. आधी सबंध काळा हात द्यायचा, मग गडद रंग, मग त्यावर उजळ. आधी पायताण, मग विजार, मग डगला. डोळे सगळ्यांत शेवटी.

"शेवटी का?"

"डोळे काढले की तो बघायला लागतो. मंग त्याच्यासमोर चूक करवत न्हाई."

टेबलावर आमचाच मुलूख होता. भोकरदनहून असई काही लांब नाही. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ते गाव आहे, आणि शिंदे-भोसल्यांची फौज इंग्रजांशी तिथेच लढली आणि हरली. जो इंग्रज सेनापती तिथे जिंकला, त्यानेच पुढे नेपोलियनला हरवलं. शाळेच्या पुस्तकात याला दोन ओळी असतात. काकांकडे याला पाच फूट बाय चार फुटांचं टेबल होतं. नद्या निळ्या रंगाच्या, पण जमिनीचा रंग लावलेला नव्हता. असईच्या शेतातली काळी माती आणून, चहाच्या गाळणीने चाळून, सरसावर पेरलेली होती.

ही सगळी कल्पना मात्र काकांची एकट्याची नव्हती. हमीदभाईंची होती.

हमीदभाई जालन्याचे, घड्याळं दुरुस्त करायचे. आमच्या भागातले जुने जमिनीचे कागद निजामाच्या काळातले, उर्दूत. काका तरुणपणी ते वाचायला शिकायचे म्हणून मास्तर शोधत होते, तेव्हा कोणीतरी घड्याळाच्या दुकानात बसलेल्या या सुंदर अक्षराच्या माणसाचं नाव सांगितलं. उर्दू सहा महिन्यांत आली. दोस्ती चाळीस वर्षं टिकली. हमीदभाईंच्या पुतण्याने परदेशातून पहिले शिपाई पाठवले, ते सगळे फ्रेंच आणि इंग्रज. मराठ्यांचे शिपाई कोणी बनवतच नव्हतं. मग हमीदभाई डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून पात्याने फ्रेंचांच्या टोप्या उडवायचे आणि नळाची गळती बुजवायच्या लांबीची, म्हणजे पुटीची, इवलीशी पगडी वळून त्यांच्या डोक्यावर बसवायचे.

"शिंद्यांच्या कंपूला कवायत फ्रेंचांनीच शिकवली," काका मला समजावून सांगत होते. "तवा गडी फ्रेंच आन् पगडी आपली, हे बराबरच हाय."

"और हजामत मेरी," हमीदभाई म्हणाले.

दर रविवारी ते सकाळच्या गाडीने यायचे, दहा वाजता वर जायचे. खेळ असा होता: एकाने आपले शिपाई हलवायचे, मारा लागला की नाही ते फाशांवर ठरायचं, मग दुसऱ्याची चाल. किती हलायचं ते मोजायला हमीदभाईंनी घड्याळाच्या जुन्या साखळीवर खुणा करून छोटी मोजणीची साखळी बनवली होती. पडलेला शिपाई डब्यात टाकायचा नाही, पितळेच्या ताटात आडवा ठेवायचा, आणि डाव संपला की दोघांनी मिळून सगळ्यांना उचलायचं. चाल करायला वेळेचं बंधन नव्हतं. एक डाव दोन-तीन महिने चालायचा.

मी गच्चीवर कपडे वाळत घालायची तेव्हा खिडकीतून सगळं ऐकू यायचं.

"मियाँ, ती तोफ अर्ध्या बोटानं पुढं गेलीया."

"साबळेसाब, ये खेत नै, जंग है."

"जंग असो न्हाई तर शेत, साखळी तीच हाय. मागं घ्या."

"चाळीस बरस से मागेच लेरूं मैं."

"मंग आज काहून लाजता?"

पावणेपाचला काका घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "मियाँ, गाडी." पाचची गाडी जालन्याला जायची. हमीदभाई एकदा टेबलाकडे बघून घ्यायचे, टोपी डोक्यावर नीट करायचे आणि दरवेळी तेच म्हणायचे, "अगले इतवार, साबळेसाब. सोच के आतूं."

नदीचा एक किस्सा काका पुन्हा पुन्हा सांगायचे. टेबलावरची केळणा खरी असावी म्हणून दोघं असईकडे साखळी घेऊन गेले. इंग्रज ज्या उतारावरून नदी ओलांडून आले, तो उतार, म्हणजे नदीतून पायी जायची उथळ जागा, काकांना मोजायचा होता. वाटाड्यांनी त्या सेनापतीला सांगितलं होतं की इथे उतार नाही. त्याने पाहिलं, नदीच्या अलीकडे एक गाव, बरोबर समोर पलीकडे दुसरं गाव. दोन गावं अशी समोरासमोर असतील तर मध्ये उतार असणारच. "एवढंच वळखलं त्यानं," काका म्हणायचे. "हे तर आमच्या खात्यातला कोणताबी शिपाई सांगू शकला असता. पर विचारलं कुणी?"

तर हे दोघं नदीकाठी साखळी ताणत असताना एक शेतकरी पळत आला. त्याला वाटलं, सरकारी मोजणी आली.

"साहेब, कशाची मोजणी करून राह्यले?"

"लढाईची," काका म्हणाले.

"कुणाकुणाची लागली?"

"शिंद्यांची आन् इंग्रजांची."

त्या माणसाने वळून आपल्या शेताकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमच्या गट नंबरात? मंग माझी हद्द सरकंल का?"

हमीदभाई बाभळीखाली बसून हसता हसता खोकायला लागले. काका हसले नाहीत. त्यांनी त्या माणसाला विचारलं, हद्दीचं काय आहे. भावाशी वाद होता. दुपारभर खपून काकांनी त्याचा बांध मोजून दिला, खुणेचा दगड कुठे होता ते दाखवलं, भावालाही बोलावून दाखवलं. घरी परत आले तेव्हा अंधार पडायला आला होता आणि केळणेचं माप अर्धंच झालं होतं. म्हणून त्या टेबलावरची केळणा शेवटपर्यंत एका वळणापुढे पेन्सिलीचीच राहिली. रंग दिला नाही. न मोजलेली नदी ते रंगवणार नव्हते.

शेवटचा डाव सुरू झाला तेव्हा शिंद्यांची बाजू हमीदभाईंकडे होती आणि काका इंग्रज. असईच्या डावात शिंद्यांची बाजू ज्याच्याकडे असेल तो हरायचा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. या वेळी ते बदलत होतं, हे मला गच्चीवरच्या बोलण्यावरून कळत होतं. काकांचा आवाज आखडला होता आणि हमीदभाई गुणगुणत होते. एका रविवारी हमीदभाईंची चाल होती. ते तासभर टेबलाकडे बघत बसले आणि चाल केली नाही. पावणेपाच झाले.

"मियाँ, गाडी."

"एक चाल दिमाग में है," हमीदभाई म्हणाले. "पर आज नै. अगले इतवार. सोच के आतूं."

बुधवारी ते दुकानात बसल्या बसल्या गेले. हातात एका बाईंचं मनगटी घड्याळ उघडलेलं होतं, असं नंतर कळलं.

काका जालन्याला जाऊन आले. आंघोळ केली. माझ्याकडून चहा घेतला, कप स्वतः विसळून दिला. पुढच्या रविवारी दहा वाजता वर गेले. पावणेपाचला खाली आले. मग प्रत्येक रविवारी तसंच. मी मनात म्हटलं, बरं आहे, एकटे का होईना खेळतात, मन रमतंय. विचारलं मात्र नाही. विचारायला हवं होतं. मला विचारण्याची सवय आहे, पण ती सामानाबद्दल.

अशी दोन वर्षं गेली. मग एका सकाळी काका अंगणात पडलेले सापडले. अर्धांगवायूचा झटका. उजवा हात गेला, जीभ जड झाली. आम्हीच गाडी करून संभाजीनगरला नेलं. गाडीत त्यांनी डाव्या हाताने खिशातून वरच्या खोलीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, "काळजी करू नका काका, मी बघते."

सुजाता पुण्याहून आली. तीन आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण जिना चढायचा नाही, कधीच नाही. सुजाता माझ्याजवळ रडली. "ताई, बाबांना वरच्या खोलीशिवाय करमणार नाही हो."

तोडगा मीच काढला. वरची खोली खाली आणायची. त्यांच्या पलंगासमोर टेबल मांडायचं, शिपाई हाताशी ठेवायचे. सुजाता हो म्हणाली, मला दोन दिवसांची रजा मिळाली. किती पसारा आहे ते तिला दिसावं म्हणून मी दारातून फोनवर एक फोटो काढून पाठवला आणि कामाला लागले. टेबलावर दोन वर्षांची धूळ होती. शिपाई कसेही उभे, काही ताटात आडवे, घड्याळाची साखळी मध्येच पडलेली. मी एकेक उचलला, कोरड्या कुंचल्याने झटकला, कापसात गुंडाळला. साड्यांची रिकामी खोकी आणली, खोक्यांवर क्रमांक घातले. तुकडीवार लावले. तोफेवरचा एक गोलंदाज झाकणावर तसाच चिकटलेला होता, सगळा रंगवलेला, फक्त डोळे काढायचे राहिलेले. त्याची वेगळी नोंद केली, "अपुरा, एक". भिंतीवर टेबलाच्या बाजूला उर्दू लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता. तो फाटू नये म्हणून ओल्या फडक्याने कडा भिजवून सोडवला, वाळवला, पाकिटात घातला. टेबलावरची धूळ कुंचल्याने झटकली, चार माणसं लावून टेबल दोन्ही खुर्च्यांसकट खाली उतरवलं.

मला फार समाधान वाटलं होतं. हे लिहिलं पाहिजे, म्हणून लिहिते.

काका घरी आले. पलंगावर बसवलं, पाठीला उशी दिली. समोर स्वच्छ, मोकळं टेबल, बाजूला अकरा खोकी. मी यादी त्यांच्या मांडीवर ठेवली. ते डाव्या हाताचं बोट ओळीखाली फिरवत चारही पानं वाचत गेले. सतराव्या नोंदीवर बोट थांबलं.

"कागद," ते म्हणाले. शब्द अजून चिकटत होते.

मी अकरा नंबरचं खोकं उघडून पाकीट दिलं. त्यांनी कागद बाहेर काढला नाही. पाकीट नुसतं हातात धरलं.

"काय लिहिलंय त्यात, काका?"

त्यांनी न बघता सांगितलं. हमीदभाईंच्या शब्दांत, थांबत थांबत. "जिसकी चाल बाकी है, उसके आने तक टेबल कू कोई हात नक्को लगाना."

मला लगेच कळलं नाही. सुजाताला कळलं, ती उठून आत गेली.

"चाल त्यांची होती," काका म्हणाले. "एक चाल डोक्यात हाय म्हणून गेल्ते. कोणती, ते मी शोधून राह्यलो."

म्हणजे दोन वर्षं रविवारी दहा ते पावणेपाच ते खेळत नव्हते. हमीदभाईंचे शिपाई हमीदभाईंनी ठेवले तिथेच ठेवून, हात न लावता, ते त्यांची न झालेली चाल शोधत होते.

"तुमची चूक न्हाई," ते म्हणाले. "मीच तुम्हाला वाचता येईल अशी पाटी लावायची होती. बांधाला खूण नसली तर नांगर फिरतोच."

मग त्यांनी यादी माझ्याकडे परत केली. "बराबर हाय. एकबी कमी न्हाई."

मी सहज हार मानणारी बाई नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याकडे बसायला लागले. ते सांगतील तसे शिपाई मांडायचे, असं ठरलं. फोनमधला तो फोटो मी मोठा करून आणला. दाराकडची बाजू काकांची होती. इंग्रजांची एक एक रांग त्यात मोजता येत होती. खिडकीकडची बाजू हमीदभाईंची. फोटोत खिडकीचा झगझगीत उजेड समोरून आला होता, आणि त्यांची सगळी फौज त्यात पांढरी होऊन गेली होती. एक तोफ तेवढी ओळखता येत होती.

काकांची बाजू दोन दिवसांत उभी राहिली. हमीदभाईंच्या बाजूला आम्ही अडलो.

"हा हितं," काका सांगायचे. मी ठेवायची. ते बघायचे. "न्हाई. हितं मी त्याला मनात आणलं होतं. खरा मागं होता."

"किती मागे, काका?"

डोळे मिटून बसायचे. कपाळावर घाम यायचा. ज्या माणसाला तीस वर्षांपूर्वीचे गट नंबर पाठ होते, त्याला ते एक अंतर आठवेना. शेवटी एक दिवस त्यांनीच सांगितलं, "दोन वरीस त्यांचे गडी मी मनात इतक्या जागी हलवले, वंदनाताई, आता ते खरे कुठं उभे होते तेच उमगंना. आता उचला त्यांचे."

मी शिंद्यांची सगळी फौज पुन्हा खोक्यांत ठेवली. टेबलाच्या एका बाजूला लाल डगल्यांची इंग्रज फौज उभी, समोर केळणेपलीकडे नुसती काळी माती.

मी अगदी हलक्या आवाजात म्हटलं, "काका, हमीदभाई जिंकत होते ना? तसं लिहून ठेवू का यादीत? डाव शिंद्यांनी जिंकला, असं?"

ते माझ्याकडे बघून हसले. झटक्यानंतर त्यांचं हसू एका बाजूलाच यायचं. "न मोजलेलं लिहायचं न्हाई," ते म्हणाले.

सुजाता त्यांना पुण्याला घेऊन गेली. आठ महिन्यांनी तिचा फोन आला. झोपेत गेले, म्हणाली; खिशात तो बिनडोळ्यांचा गोलंदाज होता. डाव्या हाताने त्याचे डोळे काढायचा प्रयत्न त्यांनी केलाच नाही. घराची किल्ली अजून माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा मी जाते, फरशी पुसते, टेबलाला हात लावत नाही. भिंतीवर उर्दू कागद परत लावला आहे आणि त्याखाली, मला वाचता येतं तसं, मराठीत लिहिलेला दुसरा.

पण त्यांची म्हणून जी शेवटची आठवण आहे, ती निघायच्या दिवसाची. रविवार होता. सुजाताची गाडी दारात उभी होती, सामान भरून झालं होतं. मी माझ्या यादीवर एकेक खूण करत होते: औषधं, चष्मा, काठी, फायली. काका पलंगावर नव्हते. वळून पाहिलं तर ते टेबलाशी बसले होते, पण स्वतःच्या बाजूला नाही. काठी टेकत टेकत टेबलाला वळसा घालून ते पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसले होते. हमीदभाईंच्या खुर्चीत. सोळा वर्षांत त्यांना त्या जागी मी कधी पाहिलं नव्हतं. पुढ्यात रिकामी काळी माती आणि समोरून अंगावर येणारी त्यांचीच फौज. ते तिच्याकडे एकटक बघत होते.

सुजाताने बाहेरून हाक मारली, "बाबा, निघायचं ना?"

मी घड्याळात पाहिलं. पावणेपाच व्हायला आले होते. तोंडातून शब्द कसे बाहेर पडले मला ठाऊक नाही. मी म्हटलं, "काका, गाडी."

त्यांनी मान हलवली. टेबलाच्या कडेला डावा हात टेकून उठले. एकदा सगळ्या टेबलावरून नजर फिरवली. टोपी ते कधी घालत नसत, तरी हात डोक्याकडे गेला आणि काहीतरी नीट केल्यासारखा खाली आला. मग समोरच्या, स्वतःच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, जड जिभेने पण एकेक शब्द सुटा करत ते म्हणाले, "अगले इतवार, साबळेसाब. सोच के आतूं."